फाळक्यावरची ताडपत्री

मराठीतले काही शब्द दिसायला मोठे साळसूद असतात. 'झाकणे' हा त्यांतलाच एक. आई ताटावर ताट झाकते, ते उशिरा घरी येणाऱ्या लेकाला चार घास ऊन मिळावेत म्हणून; आणि गुमास्ता हिशेबातली चूक झाकतो, ती मालकाच्या नजरेस पडू नये म्हणून. क्रियापद एकच. एका झाकण्यात माया आहे, दुसऱ्यात लबाडी आहे; परंतु हा फरक दाखवायला भाषेने निराळा शब्द दिलेला नाही. तो ज्याचा त्याने ओळखायचा. मला तो ओळखता येतो अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. चार वर्षांपूर्वी, जुलैतल्या एका सकाळी, रेवदंड्याच्या खाडीत एका मच्छीमार बोटीवर ती समजूत फुटली.

रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळा हा बोटींच्या औषधपाण्याचा काळ. जून आणि जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो. आठ-दहा महिने लाटांशी झुंजून आलेल्या बोटी खाडीत एकीला एक लागून उभ्या राहतात, आणि मग त्यांची दुखणी बाहेर पडू लागतात. कुठे फळी कुजलेली, कुठे सांध्यातला कापूस निघालेला, कुठे इंजिन उघडून ठेवलेले. धक्क्यावर रंधा चालतो, राळेचा वास दरवळतो, आणि समोर कोर्लईच्या डोंगरावरून पाऊस येताना दिसला की माणसे हातातले काम टाकून आडोशाला धावतात.

माझा एक जुना विद्यार्थी आता नाखवा झाला आहे. रविवारी त्याच्या बोटीवर जाऊन बसणे हा माझा जुना छंद. काम काहीच नाही. चहा प्यायचा, गप्पा मारायच्या आणि ज्या विषयात आपल्याला कळत नाही त्यात सल्ला द्यायचा, हा शिक्षकाचा जन्मसिद्ध हक्क बजावायचा!

त्या रविवारी सुतार मासळीच्या खणाचे तोंड दुरुस्त करीत होते. ज्यांनी बोट आतून पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डेकच्या खाली, बोटीच्या पोटात, बर्फ आणि मासळी ठेवायचे खण असतात. त्या खणाचे चौकोनी तोंड डेकवर उघडते. जुने लोक त्याला फाळका म्हणतात. तोंडाभोवती लाकडाचा उभा काठ असतो आणि त्या काठावर झाकण बसते. काठाचे काम दोन प्रकारचे. डेकवर आलेले लाटेचे पाणी तो आत जाऊ देत नाही, आणि चालत्या माणसाच्या पायाला ठेच देऊन सांगतो की बाबा रे, इथे डेक संपला. त्या वर्षी काठाचे लाकूड कुजले होते. सुतारांनी झाकण काढले, काठही मुळापासून उखडला. नवे लाकूड दोन दिवसांनी यायचे होते. दुपारपर्यंत डेकच्या मधोमध नुसते चौकोनी भोक उरले, पुरुषभर खोल.

तेवढ्यात कोर्लईकडून आभाळ भरून आले. "ताडपत्री घाल रे," नाखवाने हाक मारली. दोघांनी निळी ताडपत्री भोकावर पसरली आणि कडेने दगड ठेवले. पाऊस आला. ताडपत्रीच्या मध्ये पाण्याचा खोलगट साचला आणि तो खाली गळू लागला. तेव्हा मी माझा सल्ला दिला. म्हटले, "अरे, अशी सैल कशी ठेवता? चारी बाजूंनी ताणा, कडेला पट्ट्या ठोका, म्हणजे पाणी वरच्या वर ओघळून जाईल." सल्ला बिनतोड होता. पोरांनी ताडपत्री ढोलाच्या कातड्यासारखी ताणली, पट्ट्या मारल्या. पाणी सरळ वाहून जाऊ लागले. खणात एक थेंब गळेना. नाखवा हसून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही उगीच शाळेत गेलात. बोटीवर शोभला असतात." मी ते खरे मानले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बोटीवरचा एक खलाशी, अठरा-एकोणीस वर्षांचा पोर, चहाची किटली घेऊन आमच्या बोटीवर आला. खाडीत बोटी अंगाला अंग लावून असतात. एकीवरून दुसरीवर उडी मारून जायचे ही रोजचीच रीत. शाळेला जाण्यापूर्वी मी तिथे डोकावलो होतो. पोराने कठड्यावरून उडी घेतली आणि दोन्ही पायांनी तो त्या निळ्या चौकोनावर उतरला. फाटल्याचा आवाज झाला आणि पोर दिसेनासे झाले. आधी किटली खाली आपटल्याचा खणखणाट ऐकू आला. मग काही क्षण काहीच नाही. मग त्याचे ओरडणे.

मांडीचे हाड मोडले होते. नाखवाने स्वतः त्याला उचलून नेले, इस्पितळाचा सगळा खर्च केला, हात आखडता घेतला नाही. पोर वाचले. पण पुढचा हंगाम त्याने खाटेवर काढला.

त्या गडबडीत एक म्हातारा खलाशी फाटलेल्या ताडपत्रीकडे पाहत उभा होता. मला पाहून म्हणाला, "मास्तर, उघरा आसता त पोर वलसा घालून गेला आसता."

उघडा असता तर वळसा घालून गेला असता. एवढेच. त्याला कोणावर ठपका ठेवायचा नव्हता. ताडपत्री ताणायची सूचना कोणाची हेही त्याला ठाऊक नव्हते. परंतु ते वाक्य माझ्याबरोबर घरी आले आणि अजून गेलेले नाही.

मी विचार करू लागलो की आम्ही नेमके काय केले. भोक होते, आम्ही ते झाकले. पावसापासून झाकले, हे खरे. पण झाकणाकडून दोन कामांची अपेक्षा असते: त्याने पाणी अडवावे आणि माणसाचे वजन पेलावे. आमच्या ताडपत्रीने पहिले काम केले, आणि ते इतके उत्तम केले की पाहणाऱ्याला वाटावे, दुसरेही ती करीत असेल. सैल ताडपत्रीच्या मधला खोलगट निदान ओरडून सांगत होता की माझ्याखाली पोकळ आहे. ताणलेल्या ताडपत्रीने ती ओरडही बंद केली. मी पाण्याची सोय केली आणि पायाला फसवले.

जुन्या काळच्या मालवाहू जहाजांवर ही दोन कामे कधी एकमेकांत मिसळू दिली जात नसत. फाळक्याच्या तोंडावर आधी आडव्या तुळया, तुळयांवर जाड फळ्या, आणि मग त्या फळ्यांवर ताडपत्रीचे थर; ताडपत्रीच्या कडा पट्ट्यांनी दाबून पट्ट्यांच्या मागे लाकडी पाचरी ठोकीत. फळ्या वजनासाठी, ताडपत्री पाण्यासाठी. वरचे दिसते ते पाणी अडवते. माणसाला वाचवते ते त्याच्या खालचे. जहाजांनी किती खोल बुडेपर्यंत माल भरावा हे ठरवणारा १९६६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात फाळक्याच्या उभ्या काठाची उंचीही दिलेली आहे: लाटांचा मारा जिथे जास्त तिथे ६०० मिलिमीटर, इतरत्र ४५०. आमच्या खाडीतल्या लहान बोटींना तो करार लागू नाही. पण वाचताना माझ्या मनात आले, की एवढ्या थोर देशांच्या प्रतिनिधींनी एकत्र बसून भोकाच्या काठाची उंची ठरवावी, याचा अर्थ भोक ही वाटते तेवढी क्षुल्लक वस्तू नाही.

आणि जिथे झाकण नुसते दिसण्यापुरते उरते तिथे काय होते, याचेही उदाहरण समुद्राने देऊन ठेवले आहे. 'मरीन इलेक्ट्रिक' नावाचे एक अमेरिकन जहाज कोळसा घेऊन निघाले होते. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हर्जिनियाच्या किनाऱ्याजवळ वादळात ते बुडाले. जहाजावरच्या ३४ माणसांपैकी ३१ गेली. चौकशीत निघाले की त्याच्या फाळक्यांची पोलादी झाकणे गंजून गेली होती, त्यांना भोके पडली होती आणि त्या भोकांवर ठिगळे मारलेली होती. तपासणीच्या कागदांवर मात्र जहाज ठाकठीक होते. म्हणजे झाकणाच्या भोकावर ठिगळाचे झाकण आणि ठिगळावर कागदाचे! अशी एकावर एक झाकणे रचीत गेले की शेवटी ज्याने पहिले भोक पाहिले तोही ते विसरून जातो.

यावर कोणी म्हणेल, "मास्तर, तुम्ही फार मनाला लावून घेता. तुमचा हेतू चांगला होता. शिवाय ती दोन दिवसांची तात्पुरती सोय होती." ही दोन उत्तरे मीही स्वतःला पुष्कळ वेळा दिली. पहिले दुसऱ्यापेक्षा बरे आहे, म्हणून दुसरे आधी निकालात काढतो.

'तात्पुरते' हा शब्द आपल्या सोयीचा आहे. कायमचे काम करताना आपण ओळंबा लावतो, लाकूड ठोकून पाहतो, चार जणांना विचारतो. तात्पुरत्या कामाला आपण अशी माफी देऊन ठेवतो, की जणू पुढचे दोन दिवस जगही आपल्यासाठी थांबणार आहे. वास्तविक पाहता दुरुस्तीचा काळ हाच सर्वांत जोखमीचा. जुना काठ गेलेला असतो, नवा आलेला नसतो, आणि माणसांची ये-जा नेहमीपेक्षा अधिक असते. त्या पोराचे वजन तात्पुरते नव्हते. त्याचे मोडलेले हाडही तात्पुरते नव्हते.

आता हेतूचे. २९ ऑगस्ट २०१७ रोजी मुंबईत भयंकर पाऊस झाला. रस्त्यांवर कमरेइतके पाणी. ते ओसरावे म्हणून प्रभादेवी भागात लोकांनी गटाराच्या भुयाराचे झाकण उघडले. घरी परतणारे एक नामवंत डॉक्टर त्या पाण्यातून चालत होते. भोक पाण्याखाली झाकले गेले होते. ते त्यात पडले, आणि दोन दिवसांनी त्यांचे शव वरळीच्या बाजूला सापडले. झाकण उघडणाऱ्यांचा हेतू वाईट होता असे कोण म्हणेल? लोकांचेच पाणी ओसरावे म्हणून तर ते धडपडत होते. हेतू आपल्याला दुष्टपणाच्या आरोपातून सोडवतो. पण पुढे जो पाय पडायचा तो हेतू विचारून पडत नाही. त्या दुर्घटनेनंतर मुंबईत अशा झाकणांखाली जाळ्या बसवण्यात येऊ लागल्या. झाकण गेले तरी माणूस जाळीवर अडकावा. जुन्या जहाजांवरच्या ताडपत्रीखालच्या फळ्या त्या याच!

१९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३३ व्या कलमात खड्डे, टाक्या आणि जमिनीतली उघडी तोंडे यांच्याविषयी साधा नियम घातलेला होता: धोका असेल तिथे ती भक्कमपणे झाका, नाहीतर भक्कम कुंपण घाला. कायद्याची भाषा सहसा रुक्ष असते, पण या 'नाहीतर'मध्ये मला मोठे शहाणपण दिसते. वजन पेलणारे झाकण घालता येत नसेल, तर भोक दिसू द्या आणि त्याच्याभोवती उभे राहा. तिसरा मार्ग, म्हणजे झाकलेही आहे आणि पेलतही नाही, तो कायद्याने ठेवलेला नाही. आम्ही नेमका तोच काढला.

परंतु मग सगळे झाकणेच वाईट का? तसे म्हणवत नाही. झाकण्यावाचून संसार चालायचा नाही. शेजारच्या घरातले भांडण कानावर आले तरी आपण ते ऐकले नाही असे दाखवतो. सुनेच्या हातून करंज्या फुटल्या तर सासू फुटक्या करंज्या डब्याच्या तळाशी घालते आणि पाहुण्यांपुढे वरच्या ठेवते. तरुणपणी घसरलेल्या आणि पुढे सावरलेल्या माणसाची जुनी गोष्ट आपण चारचौघांत काढीत नाही. हे सगळे झाकणेच आहे, आणि ते नसते तर गावात राहणे नको झाले असते.

मग माप कोणते? मला सापडलेले माप त्या म्हाताऱ्या खलाशाच्या वाक्यातच आहे. त्या झाकणावर कोणाचा पाय पडणार आहे काय? फुटक्या करंजीवर कोणी आपल्या आयुष्याचे ओझे टाकणार नाही. ती खुशाल झाका. पण मुलाचे दुखणे लपवून त्याचे लग्न ठरवले, तर त्या झाकणावर एक मुलगी साऱ्या जन्माचे वजन घेऊन उतरणार असते. दुकान बुडीत आहे हे लपवून शेजाऱ्याची ठेव घेतली, तर त्या ताडपत्रीवर त्याचे म्हातारपण पाय ठेवणार असते. लपवणारा आपल्या मनाची समजूत घालतो, की लग्नानंतर मुलगा बरा होईल, पुढच्या दिवाळीपर्यंत दुकान सावरेल. नवे लाकूड दोन दिवसांत यायचे असतेच.

दुसऱ्यांची उदाहरणे देणे सोपे आहे, म्हणून एक माझ्या धंद्यातले देतो. पाढे न येणाऱ्या मुलाला मी अनेकदा पस्तीस गुण दिले आहेत. दयेने दिले. घरची गरिबी, बाप दारू पिणारा, एक वर्ष गेले तर पोर शाळा सोडील ही भीती. वरच्या वर्गातल्या मास्तरांना वाटले, याला पाढे येतात. त्यांनी त्याच्यावर अपूर्णांक ठेवले. त्यावर कोणी व्याज ठेवले. कुठेतरी तो मुलगा खाली गेला, आणि प्रत्येक जण म्हणाला की पोरगे मठ्ठ आहे. मी त्याला नापास करायला हवे होते असे नाही. पस्तीस द्यायचे तर शाळा सुटल्यावर अर्धा तास बसवून पाढेही द्यायला हवे होते. ताडपत्री घातली ती चूक नव्हे, खाली फळी घातली नाही ही चूक.

इथपर्यंत लिहिले आणि लेखणी ठेवावी असे वाटले. पण मग हा लेखसुद्धा एक ताणलेली ताडपत्रीच व्हायचा. कारण त्या सोमवारची गोष्ट मी पुरती सांगितलेली नाही.

दुपारी त्या पोराचा बाप आला होता. धक्क्यावर माणसे जमली होती. कोणी म्हणाले, "आजकालची पोरं, खाली बघून चालतच नाहीत." दुसरा म्हणाला, "मोबाईल असेल हातात." हातात किटली होती, हे मी पाहिले होते. बापाने माझ्याकडे पाहिले. गावातला शिकलेला माणूस, मी काय म्हणतो याला किंमत होती. मी म्हणालो, "अपघात झाला. कोणाच्या हातचं नसतं." हे वाक्य खोटे नव्हते. पण ताडपत्री मी ताणायला लावली, डेक आणि भोक यांत फरक दिसेना असे मी केले, हे मी बोललो नाही. नाखवाही बोलला नाही. माझा विद्यार्थी तो, त्याने गुरुजींना झाकले. माझ्या गप्प बसण्याने कोणाचे काही बिघडणार नव्हते, असे मला वाटले. हाड तर मोडलेच होते.

पुढच्या वर्षी कळले की त्या पोराला बोटीवर कोणी घेत नाही. पाय बरा झाला होता, थोडा लंगडत असे. पण कारण ते नव्हते. "वेंधळा आहे, दिवसाढवळ्या खणात पडला," अशी त्याची ख्याती झाली होती. समुद्रावर वेंधळा माणूस कोणाला नको असतो. एकाच्या वेंधळेपणाने दहा जणांचा जीव जातो, तेव्हा नाखवांचेही चुकत होते असे नाही. माझ्या त्या 'कोणाच्या हातचं नसतं'वर गावाने विश्वासाने पाय ठेवला होता, आणि पुन्हा एकदा तेच पोर खाली गेले होते.

मी त्याच्याकडे गेलो, पण लगेच नाही. धीर व्हायला आणखी सहा महिने लागले. तो एका बर्फाच्या कारखान्यात लाद्या उचलण्याचे काम करीत होता. बाहेरच्या पायरीवर बसून मी त्याला सगळे सांगितले: पाऊस, सैल ताडपत्री, माझा सल्ला, पट्ट्या. तो मान खाली घालून ऐकत होता. मला वाटले, आता चिडेल, बोलेल; बोलला असता तर बरे वाटले असते. बऱ्याच वेळाने त्याने वर पाहिले आणि म्हणाला, "म्हणजे गुरुजी, मी वेंधळा नव्हतो."

दीड वर्ष त्या पोराने स्वतःविषयी ते खरे मानले होते.

मग मी नाखवाला घेऊन धक्क्यावर गेलो आणि जे त्याला सांगितले ते चार माणसांसमोर सांगितले. काही जण हसले, काही जणांनी तो विषय शिळा झाला असे तोंड केले. पुढच्या हंगामात माझ्या विद्यार्थ्याने त्याला आपल्या बोटीवर घेतले. हे मी गोड शेवट म्हणून सांगत नाही. वाया गेलेली दोन वर्षे त्याला कोणी परत दिलेली नाहीत, आणि थंडीत त्याचा पाय अजून दुखतो.

यंदाच्या जुलैत त्या बोटीवर दुसऱ्या एका फाळक्याचे काम निघाले. झाकण काढल्याबरोबर त्याच पोराने आधी दोन आडव्या तुळया टाकल्या, त्यांवर फळ्या लावल्या, स्वतः उभा राहून तीनदा उड्या मारून पाहिल्या, आणि मग ताडपत्री घातली. तिच्या मधोमध त्याने एक मोडकी टोपली पालथी घालून तिला लाल फडके बांधले. मी विचारले, "खाली फळ्या आहेत ना? मग टोपली कशाला?" तो म्हणाला, "असू दे, गुरुजी. उद्या कोणी फळी काढली तर?"

हा अंक आपल्या हाती येईल तेव्हा घरोघर पणत्या लागल्या असतील. आमच्या कोकणात उंबऱ्यावर, तुळशीपाशी, गोठ्यात पणती ठेवतात, तशी एक विहिरीच्या काठावरही ठेवतात. लहानपणी मी आजीला विचारले होते, तिथे कोण राहतो म्हणून तिथे दिवा? ती म्हणाली होती, "तिथं कोणी राहत नाही. पण अंधारात कोणी आला, तर त्याला विहीर दिसायला नको का?"